हाडे कोणत्या विभागाची? रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाचे खुले पत्र

प्रति,
गोव्यात रक्ताच्या कर्करोगावर उपचार करणारे डॉक्टर, रुग्णालयांचे प्रशासक आणि राज्याच्या आरोग्य धोरणाची जबाबदारी वाहणारे सर्व अधिकारी यांस,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, गेल्या जून महिन्यात मी जेथे उपचार घेतो त्या रुग्णालयात एक साधा लेखी अर्ज दिला होता. रक्ताचा दीर्घकाळ चालणारा कर्करोग असलेल्या रुग्णांची हाडे तपासण्याची काही ठरलेली पद्धत असावी, एवढीच त्यात विनंती होती. दोन महिन्यांनी अर्ज माझ्याकडे परत आला. त्याच्या कोपऱ्यात तांबड्या शाईने शेरा होता, ‘संबंधित विभागाकडे सादर करावा.’ संबंधित विभाग कोणता, हे मात्र लिहिलेले नव्हते. रक्तविकारांच्या खिडकीवर विचारले तेव्हा हाडांच्या विभागाकडे जाण्यास सांगण्यात आले, हाडांच्या विभागात सांगितले की आजार रक्ताचा आहे, तेव्हा तिकडेच द्या, आणि चौकशीच्या खिडकीवरील बाईंनी, ज्यांचा यात काहीच दोष नव्हता, माझ्याकडे आणि अर्जाकडे आळीपाळीने पाहून म्हटले, “सर, दोन झेरॉक्स काढा आणि दोन्हीकडे देऊन टाका.”

रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही. गेल्या काही वर्षांत गोव्यात आणि गोव्याबाहेर मिळून तीन रुग्णालयांच्या पायऱ्या मी चढलो आहे आणि हाडांच्या बाबतीत तिन्हीकडचा अनुभव सारखाच आहे. म्हणून हे पत्र कोणा एका इमारतीविरुद्ध किंवा माणसाविरुद्ध नाही. ज्या डॉक्टरांनी मला जगवले त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे, आणि तरीही हे लिहावे लागते आहे.

मी डिचोली तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. २०१६ साली, निवृत्तीला वर्षभर उरलेले असताना, हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी केलेल्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी अठ्ठेचाळीस हजारांवर गेलेल्या आढळल्या. चार ते अकरा हजार हे त्यांचे नेहमीचे प्रमाण. पुढील तपासण्यांनंतर क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, ज्याला आम्ही रुग्ण नुसते ‘सीएलएल’ म्हणतो, असे निदान झाले. या आजारात पुष्कळदा पहिली काही वर्षे औषध द्यावे लागत नाही, नुसते लक्ष ठेवले जाते. कर्करोग आहे आणि औषध नाही, हे घरच्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली, पण ती पाच वर्षे खरोखरच सुखात गेली.

जुलै २०२१ मध्ये माझे शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडू लागले. सीएलएलच्या काही रुग्णांत असे होते. हिमोग्लोबिन ५.९ वर आले, डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि मला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज ६० मिलिग्रॅम सुरू करण्यात आले. त्याने जीव वाचला, यात तिळमात्र शंका नाही. मात्रा कमी करत आणल्यावर आजार उलटला, पुन्हा वाढवावी लागली, पुन्हा उतरवावी लागली, आणि असे करता करता अकरा महिने गेले. शिक्षकाची खोड म्हणून मी नंतर फाईलमधील सगळ्या चिठ्ठ्या घेऊन बेरीज केली. ती साडेपाच हजार मिलिग्रॅमच्या वर गेली. साडेपाच ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्यात मावेल एवढ्या मिठाचे वजन.

या अकरा महिन्यांत प्रत्येक भेटीत माझी साखर तपासली गेली, रक्तदाब मोजला गेला आणि पित्त वाढू नये म्हणून सकाळी उपाशीपोटी घेण्याची गोळी न चुकता लिहिली गेली. हाडांविषयी कोणी एक शब्द काढला नाही.

३० ऑगस्ट २०२२. दुसऱ्या दिवशी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होती आणि आमच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायचे काम चालले होते. तोवर गोळ्या बंद झाल्या होत्या, अंगात थोडी ताकद आली होती, आणि इतकी वर्षे माटोळी मीच बांधत आलेलो असल्यामुळे स्टुलावर चढण्याचा मोह मला आवरला नाही. सुपारीचे शिपटे, कवंडळे, घागऱ्या बांधून झाल्या. शेवटी पुतण्याने नारळाची पेंड खालून वर दिली, ती दोन्ही हातांनी धरून मी डोक्याच्या वर नेली आणि पाठीत ओली काटकी मोडल्यासारखे काहीतरी झाले. आवाज आला की नाही ते आठवत नाही. घाम मात्र असा सुटला की पुतण्याने मला स्टुलावरून उचलूनच खाली घेतले. मी पडलो नव्हतो, कशावर आपटलो नव्हतो. चार नारळांच्या ओझ्याने माझे दोन मणके दबले होते.

हे दोन मणके दबले आहेत हे मला कळायला सात आठवडे लागले. गावातल्या डॉक्टरांनी स्नायू आखडल्याचे सांगितले. शेजाऱ्यांनी मालीश करणाऱ्या एका नावाजलेल्या माणसाचे घर दाखवले. सुदैवाने चवथीच्या दिवसांत तो आपल्या मूळ गावी गेला होता, नाहीतर दबलेल्या मणक्यावर गुडघा टेकवून त्याने काय केले असते याची कल्पना करवत नाही. ठरलेल्या तारखेला मी रक्तविकारांच्या ओपीडीत गेलो तेव्हा रक्तपेशींचा काउंट उत्तम असल्याचे ऐकायला मिळाले. पाठीविषयी सांगितल्यावर हाडांच्या विभागात दाखवण्याचा सल्ला मिळाला. तेथे, कर्करोगाचे रुग्ण असल्यामुळे आधी त्या विभागाचे पत्र आणा, असे सांगण्यात आले. ते पत्र मिळेपर्यंत पुढची तारीख उजाडली. या काळात डिचोलीहून जाऊन येऊन चार फेऱ्या झाल्या. पाठीचा मणका दबलेला असताना बसमध्ये बसून प्रत्येक गतिरोधक कसा मोजला जातो, हे ज्याने मोजले त्यालाच ठाऊक. अखेर एक्स-रे निघाला. पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा चेपलेला होता. मग हाडात कर्करोग पसरला की काय या शंकेने एमआरआय झाला आणि घरात आठवडाभर कोणी नीट जेवले नाही. तसे काही निघाले नाही. शेवटी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आम्ही खासगीत केली, तिच्यात खुब्याचा टी-स्कोअर उणे २.८ आला. उणे २.५ किंवा त्याहून कमी आला की हाडे ठिसूळ झाली असे जागतिक आरोग्य संघटनेचे मोजमाप सांगते. ड जीवनसत्त्व ११ होते, ते निदान २० तरी हवे. वर्षाचे निम्मे दिवस माथ्यावर ऊन असलेल्या गोव्यात राहून ड जीवनसत्त्व कमी कसे, असे मला अनेकांनी विचारले. पण संसर्गाच्या भीतीने अकरा महिने घरात कोंडून घेतलेल्या माणसाला ते मिळणार तरी कुठून?

एक गोष्ट आणखी सांगतो. त्या चवथीला पूजेसाठी पीतांबर नेसलो तेव्हा त्याचा काठ जमिनीवर लोळू लागला. पत्नीला वाटले, नेसण्यात चूक झाली. मला संशय आला. पुढे चालता-फिरता येऊ लागल्यावर मी माझ्या जुन्या शाळेत गेलो. तेथे वर्गाच्या भिंतीवर मुलांची उंची मोजण्यासाठी मीच कधीकाळी रंगवलेली पट्टी अजून आहे. दर जूनमध्ये मुलांना चपला काढायला लावून, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर लाकडी पट्टी धरून मी त्यांची उंची वहीत लिहीत असे. त्या दिवशी चपला मी काढल्या आणि पट्टी माझ्याच एका विद्यार्थिनीने धरली, जी आता तेथे शिक्षिका आहे. १६३.५ सेंटिमीटर. २०१६ च्या माझ्या पहिल्या केसपेपरवर १६८ लिहिलेले आहे. मधल्या सहा वर्षांत माझे वजन प्रत्येक भेटीत घेतले गेले आणि उंची एकदाही घेतली गेली नाही. घेतली असती, तर कदाचित पहिला मणका चेपला तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात आले असते, कारण साडेचार सेंटिमीटर उंची एका नारळाच्या पेंडीने कमी होत नाही. मणक्याचे बरेचसे अस्थिभंग असे गुपचूप होतात. तीनांतील जेमतेम एक डॉक्टरपर्यंत पोहोचतो, बाकीचे ‘वयाची पाठदुखी’ या नावाखाली खपून जातात.

आता माझ्या तक्रारी. त्या माझ्या एकट्याच्या नाहीत. ओपीडीच्या बाकावर बसून इतरांच्या ऐकलेल्याही त्यांत आहेत.

पहिली आणि मुख्य तक्रार ही की आमच्या हाडांना वाली नाही. रक्ताचे डॉक्टर पेशी मोजतात, हाडांचे डॉक्टर मोडलेले हाड बघतात, आणि न मोडलेले पण मोडण्याच्या वाटेवर असलेले हाड दोघांच्या मधल्या व्हरांड्यात उभे राहते. वास्तविक रक्त जिथे तयार होते ती मज्जा हाडांच्याच पोटात असते, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे बिऱ्हाड पहिल्यापासून हाडातच असते. मल्टिपल मायलोमा या मज्जेतील पेशींच्या कर्करोगात तर कर्करोगाच्या पेशी हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात आणि हाड बांधणाऱ्या पेशींना दाबून ठेवतात, त्यामुळे पडलेली भोके पुन्हा बुजत नाहीत. निदानाच्या वेळीच दर पाच रुग्णांतील सुमारे चौघांच्या हाडांवर असे घाव असतात. इतके सगळे ठाऊक असताना ‘संबंधित विभाग’ सापडू नये, याचे मला नवल वाटते.

दुसरी तक्रार स्टिरॉइडविषयी आहे. स्टिरॉइडने हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, लघवीतून जास्त जाते, आणि सर्वांत वेगाने झीज होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. ही काही नवी माहिती नाही. संधिवाताच्या तज्ज्ञांची अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी ही संस्था सांगते की रोज २.५ मिलिग्रॅम किंवा अधिक स्टिरॉइड तीन महिन्यांहून जास्त घेणाऱ्या प्रौढ रुग्णाच्या अस्थिभंगाच्या धोक्याची तपासणी शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा सहा महिन्यांच्या आत व्हावी. तिच्या २०२२ च्या सूचनांनुसार रोज ३० मिलिग्रॅम वा अधिक मात्रा महिन्याहून जास्त घेणारा, किंवा वर्षभरात एकूण पाच ग्रॅम घेणारा रुग्ण सर्वाधिक धोक्याच्या गटात मोडतो. मी दोन्ही कसोट्यांना उतरलो होतो. गोळी संधिवातासाठी घेतली काय किंवा रक्तासाठी घेतली काय, हाडाला त्याची खबर नसते. पोटाला त्रास होऊ नये म्हणून स्टिरॉइडच्या बरोबरीने दुसरी गोळी लिहिण्याची सवय आपल्या हातांना आहे. हाडासाठी ती का नसावी, एवढाच माझा प्रश्न आहे. अशी औषधे महागडी आहेत असेही नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा द्यायचे झोलेड्रोनिक ॲसिडचे सलाईन यांच्या भारतीय बनावटी सर्वत्र मिळतात आणि त्यांचा खर्च एका मोडलेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेपुढे काहीच नाही.

तिसरी तक्रार पाठदुखीची. काणकोणहून येणाऱ्या एक बाई माझ्या ओळखीच्या झाल्या आहेत. आठ महिने त्यांची पाठ दुखत होती. भात लावणी केली म्हणून दुखते, पाळी गेली म्हणून दुखते, वजन वाढले म्हणून दुखते, अशी उत्तरे त्यांना ठिकठिकाणी मिळाली. हिमोग्लोबिन आठ होते, त्याचे कारण अशक्तपणा मानून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. अखेरीस मूत्रपिंडे बिघडली तेव्हा मायलोमाचे निदान झाले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची न थांबणारी पाठदुखी, तिच्या जोडीला रक्तक्षय किंवा मूत्रपिंडे बिघडल्याची खूण असलेले वाढलेले क्रिएटिनिन दिसले, की मायलोमाची शंका घेऊन काही साध्या रक्त-लघवीच्या तपासण्या करता येतात. ही शंका तालुक्याच्या पातळीवर घेतली जायला हवी, कारण रुग्ण आधी तिथेच जातो. याच बाईंना झोलेड्रोनिक ॲसिडचे सलाईन दर महिन्याला सुरू झाले, पण त्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवावे असे कोणी सांगितले नाही. पाचव्या सलाईननंतर किडलेली दाढ काढावी लागली आणि ती जागा महिनोन्‌महिने भरून आली नाही. जबड्याचे हाड उघडे पडले. या औषधाचा हा धोका जगभर माहीत आहे, आणि आधी दात तपासून, काढायचे असतील ते काढून, मग औषध सुरू करणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. बाई आता पेज आणि नाचणीची तिझन यांवर आहेत. त्या हसतात तेव्हा तोंडाला पदर लावतात.

चौथी तक्रार तरुण रुग्णांच्या वतीने करतो, कारण ते स्वतः करत नाहीत. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या दुसऱ्या कर्करोगावर २००१ साली इमॅटिनिब हे गोळीचे औषध आले, आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पेटंटचा दावा फेटाळल्यामुळे आपल्या देशात ते परवडणाऱ्या किमतीत मिळत राहिले. जो आजार काही वर्षांत माणूस नेत असे त्याचे रुग्ण आज रोज गोळी घेऊन नोकरी करतात, संसार करतात. परंतु या गोळीने काही रुग्णांत रक्तातील फॉस्फेट कमी होते आणि हाडांच्या घडणीत फरक पडतो, हे २००६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहे. वाढत्या वयाच्या मुलांत उंचीची वाढ मंदावते, हेही. पिंडऱ्यांत गोळे येतात म्हणून तक्रार करणाऱ्या मुलाला केळी खायला सांगून परत पाठवू नये. ज्या मुलाने पुढची पन्नास वर्षे जगायचे आहे, त्याच्या हाडांचा हिशेब आजच ठेवायला नको का?

पाचवी तक्रार थोडक्यात. आमच्यासाठी अस्थिभंग हा इतरांसारखा नसतो. सीएलएलवर दिल्या जाणाऱ्या इब्रुटिनिबसारख्या औषधाने रक्तस्रावाची शक्यता वाढते, त्यामुळे शस्त्रक्रियेआधी ते काही दिवस थांबवावे लागते. प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस अंथरुणाला खिळला की न्यूमोनिया दारातच उभा असतो. मायलोमावरील बोर्टेझोमिबने पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, आणि मग आपल्याकडची पावसाळ्यातील अंगणे, शेवाळ धरलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या, जुन्या घरांचे उंच उंबरठे हे सगळे शत्रू होतात. पडू नये म्हणून काय करावे, कसे वाकावे, ओझे कसे उचलावे, कोणता व्यायाम करावा आणि कोणता मुळीच करू नये, हे शिकवणारी फिजिओथेरपिस्टची एक भेटही आमच्या उपचारात नसते. मला ती मिळाली मणके मोडल्यानंतर.

“एवढा मोठा आजार असताना हाडांचे काय घेऊन बसलात?” असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारले. डॉक्टर नव्हते ते, पण प्रश्न अनेकांच्या मनात असणार. त्याला माझे उत्तर असे की आजार मोठा आहे म्हणूनच बसलो आहे. पूर्वी आम्ही इतके जगतच नव्हतो. आता जगतो, दहा-दहा, वीस-वीस वर्षे, आणि तीही म्हातारपणातील. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील दर शंभर माणसांत अकराहून अधिक साठी ओलांडलेली होती. आता तर हे प्रमाण वाढलेच असणार. तेव्हा औषधांनी दिलेली वर्षे कमरेला पट्टा बांधून खाटेवर काढायची की अंगणात फिरून, हा प्रश्न काउंटइतकाच महत्त्वाचा आहे.

एक खुलासा येथे करणे भाग आहे. हे पत्र वाचून कोणी रुग्णाने आपल्या मनाने कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व सुरू करू नये. मायलोमात रक्तातील कॅल्शियम आधीच वाढलेले असू शकते आणि त्यावर गोळ्यांची भर पडली तर जिवावर बेतते. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक अशी ठरावीक आठवडेच घ्यायची असते. वर्षानुवर्षे ती घेत राहिलेली माणसे मी पाहिली आहेत, कारण थांबा असे त्यांना कोणी सांगितले नाही. जेवणातून मिळणारे कॅल्शियम वेगळे. प्रौढ माणसाला रोज हजार मिलिग्रॅम लागते असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते, आणि शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे असते. नाचणी, दूध आणि काट्यासकट चावून खाता येणारी बारीक मासळी ही आपल्या घरात होतीच. तरीही कोणाला काय आणि किती चालेल, हे आपापल्या डॉक्टरांनीच सांगायचे आहे, आणि ते त्यांनी आपण होऊन सांगावे यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

रक्ताच्या दीर्घकालीन कर्करोगाचे निदान होताच, आणि त्यानंतर दर वर्षी एकदा, रुग्णाची उंची मोजली जावी, पाठदुखी, आधीचे अस्थिभंग आणि पडझड यांविषयी विचारले जावे, आणि उत्तरे केसपेपरवर नोंदवली जावीत. यासाठी भिंतीवर एक पट्टी आणि दोन मिनिटे लागतात. पट्टी रंगवून देण्याची माझी तयारी आहे.

तीन महिन्यांहून अधिक काळ स्टिरॉइड द्यावे लागेल असे दिसताच, ज्या दिवशी ते लिहिले जाते त्याच दिवशी हाडांचाही निर्णय लिहिला जावा: ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची तपासणी केव्हा, डेक्सा केव्हा, हाडांचे औषध द्यायचे की नाही, नसेल तर का नाही. हाडांचे इंजेक्शन वा सलाईन सुरू करण्याआधी दात तपासल्याची आणि मूत्रपिंडांचे काम पाहिल्याची नोंद असावी. डेनोसुमॅब या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाची इंजेक्शने चालू असलेल्या रुग्णास ती मध्येच सोडू नयेत, सोडल्यास मणके एकामागून एक दबू शकतात, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगितलेले असावे.

रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाने नवी पाठदुखी सांगितली तर एका आठवड्यात त्याचा एक्स-रे व्हावा, त्यासाठी दुसऱ्या विभागाच्या पत्राची अट नसावी. पायांतील शक्ती गेली, लघवी-शौचावरील ताबा गेला, तर तो त्याच दिवशी तातडीचा रुग्ण समजला जावा.

महिन्यातून एकदा तरी रक्त, हाडे, दात आणि फिजिओथेरपी या चौघांची एकत्र ओपीडी भरवावी. सत्तरी तालुक्याच्या टोकाहून किंवा काणकोणहून येणाऱ्या माणसाला एका फेरीत चारही दारे उघडी सापडावीत. मला ही मागणी सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण बाकीच्या सगळ्या तिच्यात आपोआप सामावतात.

२०१६ साली सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना अनेक गोंयकारांच्या कठीण काळी कामी आली आहे. त्या योजनेच्या यादीत, रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारांतच, डेक्सा तपासणी, हाडे बळकट करणारी औषधे आणि मणक्याच्या अस्थिभंगावरील उपचार स्पष्ट शब्दांत आणि वेगळ्या ओळीत लिहिलेले असावेत, म्हणजे रुग्णाला खिडकीवर वाद घालावा लागणार नाही.

रुग्णाच्या हाती द्यायचे एक पानी माहितीपत्रक मराठीत आणि कोकणीत छापावे. मजकूर डॉक्टरांनी सांगावा; सोप्या मराठीत उतरवून देण्यासाठी माझ्यासारखे निवृत्त शिक्षक मानधन न घेता बसतील. कोकणीसाठीही माणसे मिळतील.

यांतील एकही मागणी नवे यंत्र शोधायला लावणारी नाही. औषधे आहेत, तज्ज्ञ आहेत, मार्गदर्शक सूचना आहेत. रुग्णांची गर्दी किती असते हेही मी पाहतो; दुपारचे दोन वाजून गेले तरी डबा न उघडलेले डॉक्टर मी पाहिले आहेत, आणि अशा वेळी आपली पाठ दुखते हे सांगायला मलाच संकोच वाटला आहे. तो संकोच रुग्णाला वाटू नये, यासाठी प्रश्न तुमच्या बाजूने, छापील कागदावर, आधीच विचारलेला असावा, असे माझे म्हणणे आहे.

तांबड्या शेऱ्याचा तो अर्ज मी नव्याने लिहून काढला आहे. येत्या तपासणीच्या दिवशी तो आवक नोंदवहीत क्रमांक घालून पुन्हा सादर करणार आहे, आणि सोबत काणकोणच्या बाईंची व आणखी अकरा रुग्णांची सही असेल. त्यावर या वेळीही ‘संबंधित विभागाकडे’ असाच शेरा मारायचा झाल्यास, त्या विभागाचे नाव आणि मजला तेवढा लिहावा, ही नम्र विनंती. मला आता जिने फारसे चढवत नाहीत.

आपला नम्र,
डिचोली तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक आणि सीएलएलचा रुग्ण